अनुभव कोणाचा धरायचा?

काही दिवसांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. अर्थशास्त्र घेऊन एम. ए. प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेला, नंतर ‘सेट’ आणि त्यानंतर पीएच. डी.ही केलेला. वय चाळिशीला टेकले आहे. गेली अकरा वर्षे तो तासिका तत्त्वावर शिकवतो. सकाळी एका गावच्या महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या गावच्या. जितके तास तितके मानधन. परीक्षेच्या दिवसांचे नाही, सुट्टीचे नाही, आजारपणाचे तर नाहीच. अलीकडे एका ठिकाणी पूर्ण वेळेच्या जागेसाठी त्याची मुलाखत झाली. अनुभव किती, असे विचारल्यावर त्याने अकरा वर्षे असे उत्तर दिले. त्यावर समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “तासिकेचा अनुभव आम्ही अनुभव म्हणून धरत नाही.” हे सांगताना त्याच्या स्वरात कडवटपणा नव्हता. त्याने मला एवढेच विचारले, “सर, मग अकरा वर्षे मी वर्गात उभा होतो, ते काय होते?”

या प्रश्नाला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. पुढे विचार करता लक्षात आले की हा एका होतकरू माणसाच्या दुर्दैवाचा प्रश्न नाही. तज्ज्ञ कोणाला म्हणायचे, कोणते शिक्षण आणि कोणता अनुभव ग्राह्य मानायचा, हे ठरवण्याची सत्ता कोणाच्या हाती आहे, असा तो प्रश्न आहे. आणि ज्या प्रश्नाच्या मुळाशी सत्ता असते तो राजकीय प्रश्न असतो. म्हणून तो या साप्ताहिकाच्या वाचकांपुढे मांडतो आहे.

नियमाचे उफराटे तर्कशास्त्र

समितीतले ते गृहस्थ मनाचे काही बोलत नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ सालच्या विनियमांत पूर्वीची सेवा केव्हा मोजावी याच्या अटी दिल्या आहेत. हंगामी किंवा कंत्राटी सेवा मोजायची तर त्या काळात उमेदवाराजवळ आवश्यक अर्हता हवी, त्याची निवड रीतसर निवड समितीने केलेली हवी, आणि त्याला मिळणारे एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसले पाहिजे. पहिल्या दोन अटी समजण्यासारख्या आहेत. तिसऱ्या अटीमागचा हेतूही कदाचित वाईट नसेल. संस्थाचालकांनी नाममात्र मानधनावर माणसे नेमून अनुभवाचे दाखले वाटू नयेत, असा तो असू शकेल. परंतु अटीचा परिणाम पाहा. ज्याला व्यवस्थेने कमी पैसे दिले, त्याचे काम व्यवस्थेने कमी पैसे दिले याच कारणासाठी काम म्हणून धरले जाणार नाही. प्रथम पिळवणूक करायची आणि नंतर त्या पिळवणुकीचाच पुरावा पुढे करून पिळल्या गेलेल्याला अपात्र ठरवायचे, असा हा न्याय आहे. दंड संस्थेला व्हायला हवा होता, तो अध्यापकाला झाला.

आता याच आयोगाने २०२२ साली काढलेली दुसरी मार्गदर्शक तत्त्वे पाहू. ‘प्राध्यापक, व्यवसायानुभव’ असे जिचे वर्णन करता येईल, अशी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही नवी जागा त्यांनी निर्माण केली. उद्योग, प्रशासन, कला, वृत्तपत्रे, कायदा अशा क्षेत्रांत किमान पंधरा वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव असला की पुरे. औपचारिक पदवीची सक्ती नाही, शोधनिबंधांची अट नाही. अशा जागा मंजूर पदांखेरीज, त्यांच्या दहा टक्क्यांपर्यंत भरता येतात, आणि मुदत साधारणतः तीन वर्षांपेक्षा अधिक नसते. येथवर आक्षेप घेण्याजोगे फारसे काही नाही. कारखाना चालवलेल्या माणसाने विद्यार्थ्यांशी बोलावे, हे आम्ही अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनीही नेहमीच इच्छिले. पण याच तत्त्वांत एक अट अशी आहे की, अध्यापनाच्या व्यवसायात असलेल्यांना किंवा त्यातून निवृत्त झालेल्यांना ही जागा खुली नाही. म्हणजे वर्गात शिकवण्याच्या पदासाठी सगळ्या जगाचा अनुभव चालेल, फक्त वर्गात शिकवण्याचा चालणार नाही!

ही दोन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली की मुद्दा स्पष्ट होतो. आपल्या व्यवस्थेत अनुभवाला मोल आहे खरे, पण ते मोल अनुभवातून काय शिकले गेले यावरून ठरत नाही. तो अनुभव बाजारात कोणत्या भावाने विकला गेला यावरून ठरते.

आम्ही तज्ज्ञांच्या विरुद्ध नाही

येथे एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. समाजवाद्यांना तज्ज्ञ नकोत, त्यांना सगळी माणसे एका मापाची हवीत, असा आरोप आपल्यावर जुनाच आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नियोजनाचा विचार ज्यांनी या देशात रुजवला त्यांनीच तज्ज्ञांची मागणी सर्वांत आधी केली. महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. धनंजयराव गाडगीळ १९३० पासून पुण्याच्या गोखले संस्थेत ग्रामीण व नागरी अर्थव्यवस्थेच्या पाहण्या उभ्या करत होते, आणि पुढे १९६७ ते १९७१ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. १९६१ साली केंद्र सरकारने भारतीय आर्थिक सेवा आणि भारतीय सांख्यिकी सेवा या दोन स्वतंत्र सेवा निर्माण केल्या, त्या याच जाणिवेतून.

उलट ‘सर्वज्ञ’ अधिकाऱ्याची कल्पना आपल्याकडे आली ती साम्राज्याकडून. १८५४ साली इंग्लंडात नॉर्थकोट व ट्रेव्हेल्यन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मेकॉलेच्या समितीने हिंदुस्थानातील सनदी सेवेसाठी स्पर्धा परीक्षेची शिफारस केली. चांगल्या कुळातला, चांगल्या विद्यापीठात अभिजात विद्या शिकलेला तरुण जगातले कोणतेही काम करू शकतो, या श्रद्धेवर ती इमारत उभी होती. वशिलेबाजीपेक्षा परीक्षा केव्हाही बरी, हे मान्यच केले पाहिजे. परंतु या श्रद्धेचा पाया खुद्द इंग्लंडातच डळमळीत झाला. १९६८ साली फुल्टन समितीने तेथील सनदी सेवेतील ‘हौशी’ वृत्तीवर कडक टीका केली आणि अभियंते, शास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ यांना निर्णयाच्या जागी स्थान द्यावे, असे सांगितले. त्यानंतर वर्षभरातच, १९६९ साली, आपल्याकडच्या पहिल्या प्रशासन सुधारणा आयोगाने वरिष्ठ प्रशासनात विषयवार विशेषज्ञतेला वाव द्यावा, अशा आशयाच्या शिफारशी केल्या. त्यांचे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. आज पशुसंवर्धन, उद्या अर्थ आणि परवा सांस्कृतिक कार्य, अशा फिरत्या खुर्चीवर बसणारा अधिकारी हेच आपल्या प्रशासनाचे चित्र राहिले, आणि तज्ज्ञाचे काम त्याला टिपणे तयार करून देण्यापुरते उरले.

तेव्हा प्रशासनात तज्ज्ञ हवेत की नकोत, हा वाद आपल्यासाठी संपलेला आहे. ते हवेतच. वाद आहे तो एवढाच की, ते कोठून आणायचे, कोणत्या कसोटीवर निवडायचे आणि त्या कसोटीपर्यंत पोहोचण्याची वाट कोणाकोणाला मोकळी ठेवायची.

पंधरा वर्षांची अट आणि तिचा अर्थ

केंद्र सरकारने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे बाहेरून थेट वरच्या पदावर केलेली भरती. २०१८ साली सहसचिवांच्या दहा पदांसाठी जाहिरात निघाली. त्यानंतरच्या काही वर्षांत, निरनिराळ्या फेऱ्या मिळून, २०२४ च्या मध्यापर्यंत अशा ६३ नियुक्त्या झाल्या होत्या. १७ ऑगस्ट २०२४ रोजी संघ लोकसेवा आयोगाने एकदम ४५ पदांची जाहिरात दिली. त्यांत दहा पदे सहसचिवांची आणि बाकीची संचालक व उपसचिवांची होती. सहसचिवासाठी पंधरा, संचालकासाठी दहा आणि उपसचिवासाठी सात वर्षांचा अनुभव मागितला होता. राज्य सरकारांतील व सार्वजनिक उपक्रमांतील अधिकारी, विद्यापीठांतील व संशोधन संस्थांतील लोक आणि खासगी कंपन्यांतील अधिकारी, असे सगळे अर्ज करू शकत होते. आरक्षण मात्र नव्हते. त्यावरून गदारोळ उठला, सत्ताधारी आघाडीतल्या घटक पक्षांनीही विरोध केला, आणि तीनच दिवसांत, २० ऑगस्टला, संबंधित मंत्र्यांनी आयोगाला पत्र लिहून ती जाहिरात रद्द करायला सांगितले.

जाहिरात मागे घेतली गेली, याचा आनंद आपल्यापैकी अनेकांनी व्यक्त केला. मला तो आनंद अपुरा वाटतो, कारण मूळ प्रश्न त्यामुळे सुटला नाही, केवळ पुढे ढकलला गेला. आरक्षण का नव्हते? सरकारी बाजूचे उत्तर असे की, प्रत्येक पद हे एकाकी पद आहे आणि एकाकी पदाला आरक्षण लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात तसा निर्णय दिलेला आहे, हे खरे. पण पंचेचाळीस पदांची एकच जाहिरात काढायची, निवड एकाच आयोगाने करायची, सेवाशर्ती सारख्या ठेवायच्या, आणि मोजताना मात्र एक अधिक एक अधिक एक असे सुटे सुटे मोजायचे, हे गणित कायद्याने लादलेले नाही. ते राज्यकर्त्यांनी निवडलेले आहे.

याचा पुरावा दूर शोधायला नको. विद्यापीठातील अध्यापकांची पदे विभागवार मोजावीत, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. विभाग म्हणजे दोन-चार पदे. त्यामुळे मागास वर्गांच्या जागा जवळजवळ नाहीशा होण्याची वेळ आली. देशभर आंदोलन झाले, आणि २०१९ साली प्रथम वटहुकूम व नंतर कायदा करून केंद्रीय शिक्षण संस्थांपुरते संपूर्ण संस्था हेच एकक मानले गेले. याचा अर्थ असा की, इच्छा असली की संसद एकक बदलू शकते. ज्या संसदेने अध्यापकांच्या बाबतीत ते केले, तिला सहसचिवांच्या बाबतीत ते करण्यास कोणाची मनाई आहे?

परंतु आरक्षणाचा हिशेब बरोबर करूनही प्रश्न संपत नाही. पंधरा वर्षांचा वरिष्ठ पातळीवरचा अनुभव ही अट दिसायला तटस्थ आहे. तो अनुभव मिळवण्याची ठिकाणे तटस्थ आहेत काय? खासगी उद्योगांच्या वरिष्ठ जागांवर भरती कशी होते, ओळखीपाळखी, भाषा, शाळा आणि आडनाव यांचा त्यात किती भाग असतो, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पात्रता होती, नेमणूक होती. राहायला जागा मात्र कोणी दिली नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यांना परतावे लागले. पदवी माणूस स्वतःच्या बुद्धीवर मिळवू शकतो. अनुभव मिळवण्यासाठी दुसऱ्या कोणी तरी दार उघडावे लागते. म्हणूनच, ज्या समाजात दारे जातीने, लिंगाने आणि संपत्तीने बंद होतात, त्या समाजात अनुभवाची अट ही पदवीच्या अटीपेक्षा अधिक कडवी असते.

अनुभव हे संयुक्त उत्पादन आहे

अर्थशास्त्राच्या भाषेत थोडे बोलतो. वाचकांनी कंटाळू नये. कापडाच्या गिरणीत सूत तयार होते आणि त्याबरोबर सूत काढणारा कसबी कामगारही तयार होतो. इस्पितळात रोगी बरा होतो आणि त्याच वेळी नर्सचा हात बसतो. म्हणजे अनुभव हे कामाचे जोडउत्पादन आहे. ते काम दिल्याखेरीज तयार होत नाही, आणि साठवून, आयात करून किंवा पुस्तकातून काढून आणता येत नाही. आता प्रत्येक मालकाने असे ठरवले की मला अनुभवी माणूसच हवा, नवखा नको, तर प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्रपणे शहाणपणाचा दिसेल. पण सर्वांनी मिळून तसे केले की काही वर्षांत अनुभवी माणूसच उरणार नाही. एकाच्या दृष्टीने जे हिताचे ते सर्वांच्या दृष्टीने घातक, असे हे उदाहरण आहे.

गॅरी बेकर हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ समाजवादी मुळीच नव्हता. मानवी भांडवलावरच्या १९६४ सालच्या ग्रंथात त्याने दाखवून दिले की, जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक सोसायला तयार नसतो, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल. तो खर्च शेवटी कामगारावर पडतो. कमी वेतनाच्या रूपाने तो स्वतःच्या प्रशिक्षणाचे पैसे भरत असतो. बेकरला यात बाजाराची कार्यक्षमता दिसली. आपल्याला यात हे दिसले पाहिजे की, ज्याच्या घरी दोन-चार वर्षे कमी पगारावर काढण्याइतकी पुंजी आहे तोच अनुभवी होऊ शकतो. बाकीच्यांना वाटेतच उतरावे लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीने यावर एक उपाय शोधला होता. भिलाईचा पोलाद कारखाना, हिंदुस्थान मशीन टूल्स, भारत हेवी इलेक्ट्रिकल्स, रेल्वेची वर्कशॉपे, यांच्या प्रशिक्षण शाळांतून हजारो कारागीर आणि अभियंते बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुढे खासगी उद्योगांत गेले. सार्वजनिक क्षेत्र तोट्यात चालते, असे म्हणणाऱ्यांनी या देणगीची रक्कम ताळेबंदात कधीच धरली नाही. आज ही क्षेत्रे आक्रसली, कायम भरती रोडावली, आणि अनुभव निर्माण करणारा सर्वांत मोठा कारखाना मंदावला. त्याच वेळी अनुभवी माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करणारे हे तेच लोक आहेत, ज्यांनी तो मंदावण्याचा आग्रह धरला.

पदवीची चढती पायरी

अनुभवाचे जे झाले, तेच निराळ्या रीतीने पदवीचे झाले. मायकेल स्पेन्स याने १९७३ साली मांडलेला विचार असा की, मालकाला पदवीतल्या ज्ञानापेक्षा पदवी हा खुणेचा शिक्का अधिक उपयोगी असतो. त्यावरून उमेदवारांची चाळणी करता येते. जागा थोड्या आणि उमेदवार अमाप झाले की चाळणीची भोके बारीक होत जातात. काम तेच राहते, अट मात्र दहावीवरून बारावीवर, बारावीवरून पदवीवर सरकते. रोनाल्ड डोर याने १९७६ सालच्या आपल्या पुस्तकात या प्रकाराला पदविकेचा रोगच म्हटले. २०१५ साली उत्तर प्रदेशात शिपायांच्या ३६८ जागांसाठी तेवीस लाखांवर अर्ज आले, आणि त्यांत २५५ अर्जदार पीएच. डी. झालेले होते. हा आकडा शिक्षणाच्या प्रसाराचा नाही, तो रोजगाराच्या दुष्काळाचा आहे.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. ज्या महालनोबिस यांनी भारतात संख्याशास्त्राचा पाया घातला, त्यांचे केंब्रिजमधले शिक्षण भौतिकशास्त्राचे होते. आजच्या एखाद्या जाहिरातीप्रमाणे ते ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी नाही’ या कारणास्तव छाननीतच बाद झाले असते. पदवीची अट जेथे माणसाच्या जिवाशी संबंध आहे तेथे कडक असलीच पाहिजे. शस्त्रक्रिया करणाऱ्याने वैद्यकाची पदवी घेतलीच पाहिजे. पूल बांधणाऱ्याला स्थापत्य कळलेच पाहिजे. परंतु जी अट केवळ अर्जांचा ढीग कमी करण्यासाठी घातलेली आहे, तिला गुणवत्तेचे नाव देऊ नये.

शिकाऊ म्हणजे स्वस्त?

महाराष्ट्रात आपण काय केले? ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. त्यात अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग पाडलेले होते. जे काम वर्षानुवर्षे चालणारे आहे, ते कंत्राटी माणसाकडून करून घ्यायचे आणि मधल्या संस्थेला तिचा वाटा द्यायचा, असा तो व्यवहार होता. तरुणांनी जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले, आणि पुढच्याच महिन्यात तो निर्णय रद्द करावा लागला. नंतर २०२४ साली कार्यप्रशिक्षणाची योजना आली. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना, आणि प्रारंभी मुदत सहा महिन्यांची. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न त्या तरुणांनी लगेचच विचारला, आणि तो योग्यच होता. सहा महिन्यांचा अनुभव घेऊन पुन्हा बेकारांच्या रांगेत उभे राहणे याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

१९६१ सालच्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, असे स्पष्टच म्हटले आहे. कामगार कायद्यांचे संरक्षण त्याला सर्वसाधारणपणे मिळत नाही. कायदा झाला तेव्हा हेतू शिकवण्याचा होता. आज अनेक कारखान्यांत शिकाऊ मुलगा कायम कामगाराच्याच यंत्रावर उभा असतो आणि वर्ष संपले की त्याच्या जागी दुसरा शिकाऊ येतो. जर्मनीतही शिकाऊ उमेदवारी आहे. तेथे १९६९ च्या कायद्याने तिला पक्की चौकट दिली आणि अभ्यासक्रम ठरवण्यात कामगार संघटनांना स्थान दिले. इंग्लंडने १९६४ साली कायदा करून उद्योगांवर प्रशिक्षणासाठी कर बसवला. जो शिकवील त्याला त्यातून मदत मिळे, आणि जो दुसऱ्याने शिकवलेली माणसे पळवील त्याला निदान कर तरी भरावा लागे. भांडवलशाही देशांना जे जमले, ते समाजवादी हे विशेषण घटनेच्या उद्देशिकेत मिरवणाऱ्या देशाला का जमू नये?

थोडे स्वतःकडेही पाहू

इतरांवर टीका केल्यावर आपले दोषही मान्य केले पाहिजेत. आपल्या कामगार संघटनांनी ज्येष्ठतेचा आग्रह धरला तो मालकाच्या लहरीपासून कामगाराला वाचवण्यासाठी, आणि तो योग्यच होता. परंतु पुष्कळ ठिकाणी ज्येष्ठता हाच एकमेव गुण ठरला, नवे कसब शिकणाऱ्याला काही मिळेनासे झाले, आणि वीस वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा, अशी अवस्था आली. आमच्या प्राध्यापकांच्या संघटनांनी वेतनश्रेणीसाठी मोठे लढे दिले. तासिकेवरचा सहकारी मात्र त्याच कर्मचारी कक्षात कोपऱ्यात बसलेला असताना त्याच्यासाठी तेवढ्या जोराने आम्ही लढलो नाही. प्रस्तुत लेखकही त्या दोषातून मुक्त नाही. ज्या वर्षी माझ्या विद्यार्थ्याने तासिकेवर पहिले पाऊल ठेवले, त्या वर्षी मी त्याला ‘सुरुवात तर झाली’ असे म्हणून शाबासकी दिली होती.

मागण्या कोणत्या?

आपल्या पक्षाने या प्रश्नावर केवळ निषेधाचे ठराव न करता निश्चित मागण्या मांडाव्यात. त्या माझ्या मते अशा असाव्यात.

पहिली, महाविद्यालयांतील मंजूर रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत. आणि रीतसर निवड समितीने नेमलेल्या, आवश्यक अर्हता असलेल्या अध्यापकाची तासिकेवरची वर्षे वेतनाची अट न घालता सेवा म्हणून प्रमाणशीर मोजावीत.

दुसरी, बाहेरून वरिष्ठ पदांवर तज्ज्ञ घ्यायचे असतील तर प्रत्येक पदासाठी बाहेरचाच माणूस का हवा, याची कारणे प्रसिद्ध करावीत. एका जाहिरातीतील सर्व पदे आरक्षणासाठी एक एकक धरावीत. ज्या उद्योगातून माणूस आला, त्याच उद्योगाविषयीचे निर्णय त्याच्याकडे देऊ नयेत, आणि मुदत संपल्यावर काही काळ त्याला त्या उद्योगात परत जाता येऊ नये. त्याबरोबरच आर्थिक, सांख्यिकी, अभियांत्रिकी आणि आरोग्य सेवांतील तज्ज्ञांना सचिवपदापर्यंतची वाट खुली करावी. तज्ज्ञ घरात असताना त्याला टिपणे लिहायला बसवायचे आणि तज्ज्ञ नाहीत म्हणून बाहेर जाहिरात द्यायची, हा उफराटा कारभार थांबला पाहिजे.

तिसरी, प्रशिक्षणासाठी मोठ्या उद्योगांवर कर बसवावा, शिकाऊ उमेदवाराला कामगार कायद्यांचे संरक्षण द्यावे, आणि शिकाऊ मुदत यशस्वीपणे पुरी करणाऱ्याला त्या आस्थापनेतील भरतीत अग्रहक्क द्यावा.

चौथी, गवंडी, वायरमन, जोडारी, परिचारिका, अंगणवाडी सेविका अशा ज्यांनी काम करता करताच विद्या मिळवली, त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन नुसते प्रमाणपत्र देऊ नये. त्या प्रमाणपत्राला वरच्या वेतनाची जोड कायद्याने द्यावी. भिंतीवर लावायचा कागद त्यांना नको आहे.

या मागण्या पुऱ्या झाल्या तर गुणवत्ता घसरेल, अशी ओरड होईल. तिला उत्तर सोपे आहे. गुणवत्ता म्हणजे काम उत्तम करण्याची शक्ती, अशी जर व्याख्या असेल, तर अकरा वर्षे उत्तम काम केलेल्या माणसाला ‘तू कामच केले नाहीस’ असे सांगणारी व्यवस्था गुणवत्तेचे रक्षण करत नाही. ती फक्त दारावरच्या पहारेकऱ्याचे रक्षण करते.

माझ्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येईल. ती अकरा वर्षे काम होती, अनुभव होता आणि सार्वजनिक सेवाही होती. त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी काही बँकांत आहेत, काही शिक्षक आहेत, एक-दोघे प्रशासनातही गेले आहेत. त्यांच्या पदव्या ग्राह्य धरल्या गेल्या, त्यांचा अनुभवही मोजला जातो आहे. ज्याने त्यांना शिकवले त्याचाच तेवढा मोजायचा राहिला आहे. तो मोजून घेण्याचे काम एकट्या त्याच्यावर सोडून चालणार नाही.